चालू कार्यक्रमात बंद पडू नये असा एव्ही स्विचर : रचना कशी असावी?

क्रॉसपॉइंट (धागाकर्ता)

मॅट्रिक्स स्विचरच्या (कुठलाही इनपुट कुठल्याही आउटपुटला जोडणाऱ्या उपकरणाच्या) माहितीपत्रकात इनपुट किती, आउटपुट किती, कुठलं रिझोल्यूशन, किती बँडविड्थ हे सगळं ठळक छापलेलं असतं. चालू कार्यक्रमात आतला एखादा भाग मेला तर पडद्यावर काय दिसेल, हे मात्र शोधूनही सापडत नाही. मला वाटतं रचनेची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी. प्रक्षेपण, सभागृहं, नियंत्रण कक्ष, शस्त्रक्रियागृह अशा ठिकाणची उपकरणं बनवणारी, बसवणारी आणि दुरुस्त करणारी मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधी मांडतो. चित्र आणि आवाज ज्या वाटेने जातात ती वाट कंट्रोलरच्या, म्हणजे आदेश देणाऱ्या प्रोसेसरच्या, जिवावर जगता कामा नये. क्रॉसपॉइंट चिपला, म्हणजे इनपुट-आउटपुटची प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या चिपला, एकदा ‘आउटपुट ५ ला इनपुट ३’ असं सांगितलं की ती नोंद चिपच्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये राहते. त्यानंतर प्रोसेसर हँग होवो, रीसेट होवो, नाहीतर त्याचं फर्मवेअर बदलायला घेतलेलं असो, चित्र हलायचं कारण नाही. तरीही अनेक उपकरणांत ते हलतं. का, तर प्रोसेसर आणि क्रॉसपॉइंट यांची रीसेटची तार एकच असते. किंवा तारा वेगळ्या असतात, पण चालू होताना कोड सगळ्यात आधी क्रॉसपॉइंट कोरा करतो आणि मग साठवलेली स्थिती भरतो. त्या दोन पायऱ्यांच्या मधला काळ प्रेक्षकांना काळ्या पडद्याच्या रूपात दिसतो.

योग्य क्रम उलटा आहे. कंट्रोलर उठला की त्याने आधी क्रॉसपॉइंटची रजिस्टरं वाचावीत, साठवलेल्या स्थितीशी ताडून पाहावीत आणि जिथे फरक असेल तेवढंच लिहावं. वीज गेलीच नसेल तर फरक शून्य, म्हणजे लिहिणंही शून्य. इक्वलायझर आणि रीक्लॉकर (केबलमध्ये बिघडलेला सिग्नल सुधारणाऱ्या चिप) यांनाही हाच नियम लावावा. ते बहुधा आयस्क्वेअरसी बसवर (चिपना आपसात बोलायच्या सामाईक तारांवर) असतात आणि चालू होताना सगळ्यांना सरसकट नव्याने कॉन्फिगर करायची सवय कोडला असते.

स्थिती साठवण्याबद्दल एक हिशेब. ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी नोंद जपणाऱ्या मेमरीच्या) एका जागेवर साधारण १० लाख वेळा लिहिता येतं. हा आकडा मोठा वाटतो, पण ऑटोमेशन दर सेकंदाला एक स्विच करत असेल तर दिवसाला ८६,४०० वेळा लिहिणं होतं आणि त्याच जागेवर लिहीत राहिलं तर १२ दिवसांच्या आत मर्यादा संपते. त्यामुळे एकतर एफरॅम (कितीतरी जास्त वेळा लिहिता येणारी तशीच मेमरी) वापरावी, नाहीतर जागा फिरवत लिहावं. दोन प्रती ठेवाव्यात, प्रत्येकीला क्रमांक आणि सीआरसी (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) द्यावा. लिहिताना वीज गेली तर अर्धवट प्रत सीआरसीवरून ओळखू येते आणि आधीची शाबूत राहते.

वॉचडॉगचंही (ठरावीक वेळात ‘किक’ म्हणजे इशारा मिळाला नाही तर प्रोसेसर रीसेट करणाऱ्या टाइमरचंही) तसंच. टाइमर इंटरप्टमधून (मुख्य काम थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमधून) वॉचडॉगला किक देणारा कोड मी बराच पाहिलाय. मुख्य लूप अडकून पडलेला असतानाही इंटरप्ट नियमित येतच असतो, त्यामुळे वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं. प्रत्येक टास्कने ‘मी जिवंत आहे’ असा आपापला झेंडा वर करावा आणि सगळे झेंडे वर दिसले तरच एका ठिकाणाहून किक जावी.

वीजपुरवठा, एचडीएमआय, आवाज, नेटवर्क यांवर जाणकारांनी लिहावं.

बाराव्होल्ट

वीजपुरवठ्याचं मी लिहितो, कारण ‘ड्युअल पॉवर सप्लाय आहे’ एवढ्यावर लोक समाधान मानतात.

दोन सप्लाय असतील तर पहिला प्रश्न : दोघांपैकी एकटा पूर्ण भार पेलतो का? प्रत्येकावर ६० टक्के भार असेल तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १२० टक्के येतो आणि तोही बसतो. नंतर कार्डं वाढवत नेली की नेमकं हेच होतं. विकताना हिशेब बरोबर असतो, चार कार्डं वाढल्यावर कुणी तो पुन्हा मांडत नाही. दुसरा प्रश्न : दोन्ही प्लग कुठे लावलेत? एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर दोन सप्लायचा उपयोग अर्धाच राहतो. दोन वेगळ्या सर्किटवर, जमल्यास दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत.

दोघांचं आउटपुट एकत्र कसं केलंय हेही पाहा. थेट जोडलं तर एकाचं आउटपुट शॉर्ट झाल्यावर तो दुसऱ्यालाही खाली खेचतो. म्हणून मध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड लागतो. १२ व्होल्टला १० अँपिअर वाहत असतील आणि डायोडवर अर्धा व्होल्ट पडत असेल तर ५ वॅट नुसती उष्णता. त्याऐवजी मॉसफेट आणि त्याचा कंट्रोलर (ज्याला आपण आयडियल डायोड म्हणतो) लावला तर ही उष्णता नगण्य होते.

आता खरी गोम. हा डायोड स्वतः शॉर्ट झाला तर बाहेर काहीच कळत नाही. दोन्ही दिवे हिरवे, उपकरण मजेत चालू. ज्या दिवशी त्या बाजूचा सप्लाय शॉर्ट होईल त्या दिवशी दोन्ही एकदम जातील. म्हणून व्होल्टेज डायोडच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्ही ठिकाणी मोजावं, प्रत्येक सप्लायचा करंट वेगळा मोजावा आणि मधूनमधून एकेका सप्लायचं व्होल्टेज किंचित खाली आणून दुसरा भार उचलतो का ते यंत्रानेच तपासावं.

शिवाय दोन सप्लायनंतर बॅकप्लेनवर (सगळी कार्डं ज्यात खोचतात त्या मागच्या बोर्डावर) ३.३ व्होल्टचा एकच रेग्युलेटर असेल तर सगळी मेहनत तिथे वाया जाते. बॅकप्लेनवर १२ व्होल्टच फिरवावेत आणि प्रत्येक कार्डावर स्वतःचा रेग्युलेटर, त्याच्या आधी स्वतःचा फ्यूज किंवा हॉट स्वॅप कंट्रोलर (चालू यंत्रात कार्ड बसवताना वीज सांभाळून देणारी चिप) ठेवावा. बोर्ड वाकल्यामुळे सिरॅमिक कपॅसिटरला तडा जाऊन तो शॉर्ट होणं ही नेहमीची गोष्ट आहे. एका कार्डावरचा असा कपॅसिटर फार तर ते एक कार्ड नेईल, संपूर्ण फ्रेम नाही.

नवशिका_तंत्रज्ञ

छान माहिती. एक शंका : एका उपकरणाच्या कागदपत्रांत एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १ लाख तास दिलंय. म्हणजे ते ११ वर्षं चालेल असं धरायचं का? मग एवढी दुहेरी व्यवस्था कशासाठी?

बाराव्होल्ट

नाही, तसं धरू नका. १ लाख तास म्हणजे ११.४ वर्षं हे बरोबर, पण ती सरासरी आहे. बिघाडाचा वेग स्थिर मानला तर तेवढ्या काळापर्यंत न बिघडता पोचणारी उपकरणं १०० पैकी जेमतेम ३७. शिवाय वेग स्थिर असतो हे गृहीतकच पंखा आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर यांना लागू पडत नाही. ते झिजतात. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर ३२,००० तास, म्हणजे अखंड चालू असलेल्या यंत्रात साडेतीन वर्षांच्या थोडं वर. त्याच जागी ५,००० तासांचा घेतला आणि हवा नीट खेळवून तापमान ५५ वर आणलं तर १ लाख ६० हजार तास, म्हणजे १८ वर्षं. किमतीतला फरक अगदी किरकोळ असतो.

मला विचाराल तर एमटीबीएफपेक्षा दुरुस्तीचा वेळ जास्त बघावा. तोच १ लाख तासांचा आकडा धरा. बिघडल्यावर दुरुस्तीला ४ तास लागत असतील तर वर्षाला सरासरी २१ मिनिटं बंद. कार्ड पुढून ओढून १० मिनिटांत बदलता येत असेल तर सरासरी एका मिनिटाच्याही आत. यंत्र तेच, भाग तेच, फक्त कार्ड कुठून निघतं एवढाच फरक.

क्रॉसपॉइंट

याला जोडून, चालू यंत्रात कार्ड बदलण्याची सोय कनेक्टरच्या पिनांपासून सुरू होते. पिना मुद्दाम वेगवेगळ्या लांबींच्या ठेवतात. ग्राउंडची सगळ्यात लांब, मग पॉवर, मग सिग्नल, आणि एक पिन सगळ्यांपेक्षा आखूड. कार्ड आत जाताना आधी ग्राउंड टेकतं, आखूड पिन टेकते तेव्हाच कार्ड पूर्ण बसलंय हे कळतं आणि त्यानंतरच हॉट स्वॅप कंट्रोलर हळूहळू व्होल्टेज चढवतो, म्हणजे कार्डावरचे रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढून शेजारच्या कार्डांना झटका देत नाहीत. काढताना आखूड पिन सगळ्यात आधी सुटते, आणि बाकीच्या सुटायच्या आत कार्डाला काही मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बसवरचं अर्धवट बोलणं थांबवून बाजूला होता येतं. बॅकप्लेनवर मात्र शक्यतो एकही चिप नको, कारण तोच एक भाग चालू यंत्रात बदलता येत नाही.

निळापडदा

एचडीएमआयबद्दल. इथे हार्डवेअर धडधाकट असतानाही पडदा काळा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोर्स आधी ५ व्होल्ट देतो, डिस्प्ले हॉट प्लगची (‘मी जोडलेला आहे’ असं सांगणारी) तार वर करतो, सोर्स ईडीआयडी (डिस्प्ले काय काय दाखवू शकतो त्याची यादी) वाचतो, एचडीसीपीची (कॉपी रोखणाऱ्या कूटव्यवस्थेची) ओळखपाळख होते आणि मग चित्र येतं. साधा स्विचर या सगळ्या तारा एका सोर्सवरून काढून दुसऱ्याला जोडतो. त्यामुळे प्रत्येक स्विचला ही सगळी पूजा पहिल्यापासून सुरू होते आणि काही सेकंद काहीच दिसत नाही. त्यातच एखादा लॅपटॉप रिझोल्यूशन बदलून बसतो.

अखंड चालायचं असेल तर स्विचरने प्रत्येक इनपुटला स्वतःच डिस्प्ले असल्यासारखं वागायला हवं. ईडीआयडी स्विचरच्या मेमरीतून द्यावा, हॉट प्लग कायम वर ठेवावा, एचडीसीपी प्रत्येक इनपुटवर आणि प्रत्येक आउटपुटवर स्वतंत्रपणे आणि सतत चालू ठेवावं, मग मधला क्रॉसपॉइंट कितीही वेळा बदला, दोन्ही टोकांना काही कळत नाही. आउटपुटवर फ्रेम साठवायची सोय असेल तर डिस्प्लेचा टायमिंगही तुटत नाही. त्याची किंमत म्हणजे साधारण एका फ्रेमचा उशीर, ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद. सभागृहात हा चालतो. शस्त्रक्रियेच्या एंडोस्कोपला आधीच कॅमेरा, प्रोसेसर, डिस्प्ले यांचा उशीर असतो, तिथे एकेक फ्रेम मोजून घ्यावी लागते.

ईडीआयडी डिस्प्लेकडून वाचून पुढे देणार असाल तर तपासल्याशिवाय देऊ नका. मूळ ब्लॉक १२८ बाइटचा असतो. सगळ्या बाइटची बेरीज २५६ ने निःशेष भाग जाणारी यायला हवी, त्यासाठीच शेवटचा बाइट असतो. लांब केबलवर डीडीसीच्या (ईडीआयडी वाचायच्या) तारांची कपॅसिटन्स वाढते, कडा गोलावतात आणि एखादा बिट चुकीचा वाचला जातो. बेरीज जुळली नाही तर आधीची चांगली प्रत वापरावी. तसंच स्टँडबायला जाताना काही डिस्प्ले हॉट प्लग खाली सोडतात. १०० मिलिसेकंदांपेक्षा छोटा धक्का असेल तर दुर्लक्ष करावं, मोठा असेल तर फक्त त्या आउटपुटपुरती कारवाई करावी. त्याची झळ इनपुटपर्यंत पोचू नये.

एचडीसीपीत आणखी एक मर्यादा नियोजनातच धरावी लागते. १.४ आवृत्तीत एका सोर्सखाली जास्तीत जास्त १२७ उपकरणं आणि ७ पातळ्या, २.२ मध्ये ३२ उपकरणं आणि ४ पातळ्या. स्विचरला स्विचर, त्याला स्प्लिटर अशी माळ लावत गेलं की २.२ ची मर्यादा फार लवकर येते.

आणि शेवटी कनेक्टर. बीएनसी (व्यावसायिक व्हिडिओचा गोल कनेक्टर) फिरवून अडकतो, एचडीएमआय नुसता घर्षणावर उभा असतो. जड केबलचं वजन सॉकेटवर येऊ न देणारी पट्टी उपकरणाच्या मागेच द्यायला हवी.

ओळ_सात

एसडीआयवाले (स्टुडिओतल्या डिजिटल व्हिडिओ केबलवर काम करणारे) अजून बोलले नाहीत म्हणून. स्विच कधी करायचा हे एसएमपीटीई या व्हिडिओ मानकसंस्थेच्या आरपी १६८ मध्ये ठरलेलं आहे : ६२५ ओळींच्या व्हिडिओला ओळ ६, ५२५ ला ओळ १०, १०८० ला ओळ ७. तिथे दिसणारं चित्र नसतं, त्यामुळे बदल डोळ्यांना कळत नाही. यासाठी सगळे सोर्स आणि स्विचर एकाच सिंकला (सामाईक वेळेच्या सिग्नलला) बांधलेले हवेत. म्हणजे सिंक जनरेटर हा सगळ्यांचा सामाईक कच्चा दुवा. दोन जनरेटर आणि त्यांच्यामध्ये चेंजओव्हर (एक गेला की दुसऱ्यावर नेणारी सोय) हे ठरलेलंच, पण सिंक पूर्ण गेला तर स्विचरने काय करावं हेही ठरवा. ‘रेफरन्स नाही’ म्हणून स्विच करायचंच नाकारणारी उपकरणं मी वापरली आहेत. अशा वेळी स्वतःच्या घड्याळावर चालत राहावं, अलार्म द्यावा आणि बटण दाबलं तर स्विच करावा. एखादी फ्रेम हलली तर हलू दे, पण बंद पडलेल्या सोर्सवर अडकून राहायची वेळ ऑपरेटरवर येऊ नये.

सुरावट

आवाजाला अशी लपायला ओळ नसते. ॲनालॉगमध्ये दोन इनपुटच्या डीसी पातळीत थोडा जरी फरक असला तरी स्विच होताना ‘टक्’ ऐकू येतं. कपलिंग कपॅसिटरच्या दोन्ही बाजूंना जास्त ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला लावले की न निवडलेला इनपुटही शून्यावर बसून राहतो. त्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा उतार-चढाव दिला की काम झालं. एईएस३ (डिजिटल आवाजाचं मानक) मध्ये दोन सोर्स एका घड्याळावर नसतील तर खटका येणारच, तिथे सॅम्पल रेट कन्व्हर्टर लागतो. आणि एसडीआयमध्ये चित्र स्वच्छ बदललं म्हणून आत गुंफलेला आवाजही स्वच्छ बदलला असं समजू नका.

घुमणारा हम हा बहुतेकदा शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) आत सर्किट ग्राउंडला जोडल्यामुळे येतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यालाच ‘पिन १’ची समस्या म्हटलं आणि २००५ मध्ये एईएस४८ हे मानकही आलं. शील्ड कनेक्टरपाशीच थेट चॅसिसला, एवढं पाळलं तरी पुरे.

रिले बायपासबद्दल (वीज गेल्यावर सिग्नल थेट पुढे नेणाऱ्या वाटेबद्दल) विचारायचं होतं. वीज पूर्ण गेली तर आवाज तरी चालू राहावा म्हणून मी लॅचिंग रिलेच्या बाजूची आहे, म्हणजे वीज जाताना जो सोर्स चालू होता तोच चालू राहतो. इतरांचं मत?

क्रॉसपॉइंट

माझं मत वेगळं आहे. लॅचिंग रिले वीज जाण्यापूर्वीच्या स्थितीत राहतो, पण ती स्थिती कोणती होती हे बाहेरून कुणालाच माहीत नसतं. वीज जाता जाता कंट्रोलरने काही अर्धवट आदेश दिला असेल तर तोच कायम होतो. साधा रिले वीज गेली की स्प्रिंगने ठरलेल्या जागी पडतो. त्या जागी मुख्य सोर्स बांधून ठेवला की वीज गेल्यावर काय ऐकू येणार ते कागदावर लिहून ठेवता येतं.

सुरावट

मुख्य सोर्स ठरलेला असतो तिथे पटतं. पण एकाच सभागृहात सकाळी भाषांतराचा चॅनल महत्त्वाचा आणि संध्याकाळी मंचावरचा माइक, अशा ठिकाणी ठरलेली जागा चुकीचीच निघते. तिथे मी लॅचिंगच ठेवीन. फक्त तुमचा अर्धवट आदेशाचा मुद्दा धरून कॉइलचं ड्रायव्हर सर्किट व्होल्टेज कमी होताच आधी बंद होईल असं करीन. प्रकार कुठलाही घ्या, संपर्क सोन्याचा मुलामा असलेलेच हवेत. लाइन पातळीच्या सिग्नलला चांदीवरचा सल्फाइडचा थर भेदण्याइतका करंट नसतो, आणि बायपासचा रिले वर्षानुवर्षं हललेलाच नसतो.

जोडवाट

आयपीवर जाणाऱ्यांसाठी. एसटी २११० (व्हिडिओ नेटवर्कवरून नेण्याचं मानक) मध्ये क्रॉसपॉइंट नावाची वस्तूच उरत नाही, पण एसटी २०२२-७ नावाची फार सुंदर सोय मिळते. तीच पॅकेट दोन वेगळ्या नेटवर्कवरून पाठवायची. रिसीव्हर आरटीपीचा (प्रत्येक पॅकेटवर असलेला) क्रमांक बघून जे आधी येईल ते घेतो आणि दुसरं टाकून देतो. एक वाट तुटली तर एकही पॅकेट हरवत नाही, कारण इथे ‘चेंजओव्हर’चा निर्णय घ्यावाच लागत नाही. निर्णय नाही म्हणजे चुकीचा निर्णयही नाही. दोन वाटांच्या उशिरातला फरक पोटात घेण्याइतका बफर मात्र लागतो. १.४८५ गिगाबिटच्या प्रवाहाला १० मिलिसेकंदांसाठी सुमारे १.९ मेगाबाइट.

बाराव्होल्ट यांनी डायोडबद्दल जे लिहिलं ते इथेही तंतोतंत लागू आहे. एक वाट महिनाभर मेलेली असली तरी चित्र निर्मळ दिसतं. म्हणून प्रत्येक वाटेची हरवलेली पॅकेट वेगळी मोजा, जुळवणीनंतरचा आकडा काहीच सांगत नाही. आणि दोन्ही केबल एकाच डक्टमधून नेऊ नका.

नवशिका_तंत्रज्ञ

मग सिग्नल गेला की आपोआप बॅकअपवर जाणारा चेंजओव्हर एसडीआयला लावावा का? काळा पडदा किंवा गोठलेलं चित्र ओळखणारेही मिळतात.

ओळ_सात

लावा, पण आपोआप काय करायचं त्याची हद्द आखा. सिग्नल नाही, किंवा एचडी-एसडीआयच्या प्रत्येक ओळीवरचा सीआरसी सतत चुकतोय, या गोष्टी निर्विवाद आहेत, त्यावर आपोआप जाऊ द्या. काळं चित्र, स्थिर चित्र, शांतता या कार्यक्रमाचा भागही असू शकतात. श्रद्धांजलीच्या शांततेत बॅकअपवर उडी मारणारा चेंजओव्हर कुणालाच नको असतो. तिथे फक्त अलार्म द्या, निर्णय माणसाचा. आणि मुख्य सिग्नल परतला म्हणून आपोआप मागे येऊ नका. सैल कनेक्टर असेल तर मुख्य-बॅकअप-मुख्य असा खेळ दर दोन सेकंदांनी पडद्यावर दिसतो. मागे आणणं हातानेच.

निळापडदा

दोन कंट्रोलरविषयी कुणी लिहिलं नाही. मुख्य आणि स्टँडबाय यांत एकच फर्मवेअर असतं, म्हणजे बगही एकच. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार काउंटरचा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. दोन्ही कंट्रोलर एकाच स्विचने चालू केलेले असतात, त्यामुळे वेळेच्या तुलनेत चूक असेल तर दोघंही त्याच क्षणी अडकतात. स्टँडबाय हवा होता नेमका तेव्हाच नसतो.

बाराव्होल्ट

दोघांना वेगवेगळ्या दिवशी चालू केलं तर?

निळापडदा

एकदम पडणार नाहीत, पण बग राहतोच आणि पुढच्या वीजखंडानंतर दोघं पुन्हा एकत्र सुरू होतात. त्यापेक्षा काउंटरची सुरुवातच शून्याऐवजी मर्यादेच्या अलीकडे ठेवा. लिनक्स कर्नल हेच करतं : ३२ बिटांचा जिफीजचा (टाइमरचे ठोके मोजणारा) काउंटर चालू झाल्यावर पाच मिनिटांत उलटेल अशा आकड्यापासून सुरू होतो. मग चूक असेल तर ती टेबलावरच, पहिल्या पाच मिनिटांत दिसते.

क्रॉसपॉइंट

हे चाचणीच्या यादीत घेतोय. सध्याची यादी अशी : चालू यंत्रातून प्रत्येक कार्ड, प्रत्येक सप्लाय आणि पंखा एकेक करून ओढणं, फर्मवेअर अपडेटच्या मधेच वीज तोडणं, कंट्रोलर रीसेट होताना आउटपुटवर सीआरसी मोजणं, आणि जागेवर बसवल्यानंतर ठरावीक दिवशी मुख्य-स्टँडबाय हाताने बदलून पुढच्या फेरीपर्यंत तसंच चालू ठेवणं. सुरावट, तुमच्या लॅचिंग रिलेसाठी वीज सावकाश खाली आणण्याची चाचणी घालतो. व्होल्टेज एका सेकंदात आणि एका मिनिटात, दोन्ही प्रकारे उतरवून रिले हलतो का ते बघू. ड्रायव्हर किती व्होल्टला बंद करायचा तेवढं कळवा.

सुरावट

१२ व्होल्टच्या रिलेला ९ ला बंद. प्रोसेसरचा ३.३ चा रेग्युलेटर त्यानंतरही बराच वेळ टिकतो, त्यामुळे प्रोसेसर शुद्धीवर असतानाच कॉइल त्याच्या हाताबाहेर जाते.